एक तुकडी, एक वाडी: वॉरगेमसाठी ऐतिहासिक सैनिक रंगवताना आणि रणभूमी उभारताना

वॉरगेम म्हणजे टेबलावर छोट्या पुतळ्यांनी लढाई खेळायचा खेळ. त्यासाठीच्या माझ्या पहिल्या सैनिकावर मी नऊ दिवस घालवले होते. डोळ्यांत बाहुल्या, बटणांवर चकाकी, पट्ट्यावर शिवणसुद्धा. मग तो टेबलावर बाकीच्यांमध्ये उभा केला, दोन पावलं मागे सरलो आणि तो नेमका कुठला तेच सापडेना. त्याच रांगेतले घाईत उरकलेले, प्रत्येक भागावर दोन-तीन छटांत संपवलेले सैनिक मात्र लांबून ठसठशीत दिसत होते.

कपाटात ठेवायचा सैनिक वेगळा आणि खेळायचा सैनिक वेगळा. खेळणारा माणूस टेबलाच्या कडेला उभा असतो आणि सैनिक त्याच्यापासून तीन-साडेतीन फुटांवर असतात. मी याला ‘टेबल-अंतर’ म्हणतो. या लेखातला प्रत्येक निर्णय, कोणता रंग उजळायचा, कोणती गोष्ट सोडून द्यायची, भिंत किती उंच करायची, त्या अंतरावरून घेतलेला आहे. जवळून थोडं भडक वाटलं तरी चालेल, पण लांबून ओळखू आलं पाहिजे.

नुसते नियम सांगण्यापेक्षा एक ठरावीक काम हाती घेऊ. १८ जून १८१५, वॉटर्लू: नेपोलियनचे फ्रेंच विरुद्ध वेलिंग्टनचं ब्रिटिश आणि मित्रसैन्य. ब्रुसेल्सच्या रस्त्यालगत ला हे सेंत नावाची एक शेतवाडी. तिच्या बचावाला मेजर गेऑर्ग बॅरिंगच्या हाताखाली किंग्ज जर्मन लीजनची (ब्रिटिश सैन्यातली जर्मन सैनिकांची फौज) दुसरी लाइट, म्हणजे हलक्या पायदळाची, बटालियन, सुमारे ४०० माणसं. आपण ही बटालियन रंगवायची आणि ती वाडी बांधायची. तुमचा काळ दुसरा असेल, रोमन असो की दुसरं महायुद्ध, तर गणवेश बदलेल, हाताची कामं तीच राहतील.

आधी कागदावर

बहुतेक जण सैनिक आधी विकत घेतात आणि मग नियम शोधतात. उलटं करा. कोणत्या नियमांनी खेळणार ते ठरलं की बेसचा (सैनिकाच्या पायाखालच्या चकतीचा) आकार ठरतो, एका तुकडीत किती सैनिक लागतात ते ठरतं. चाळीस सैनिक चुकीच्या बेसवर चिकटवल्यावर ते उपटून काढण्याचं काम मी केलंय. घोटे मोडतात.

मग स्केल, म्हणजे सैनिकाची उंची. २८ मिमी म्हणजे साधारण १/५६. चेहरा, कपडे, हत्यारं सगळं रंगवता येतं. १५ मिमी म्हणजे साधारण १/१००. मोठ्या लढायांना सोयीचं. ६ मिमीत एकेक सैनिक रंगवत नाहीत, रांगच्या रांग रंगवतात आणि तिथे लांबून दिसणारा दाट जमाव हीच गंमत. पहिल्यांदा करत असाल तर २८ मिमी घ्या, ब्रशला जागा मिळते.

तिसरं म्हणजे प्रमाण. ४०० माणसांसाठी ४०० पुतळे कुणीच रंगवत नाही. एका पुतळ्यामागे वीस माणसं धरली तर बॅरिंगची बटालियन वीस सैनिकांत उभी राहते. वीस हा आकडा मला पहिल्या तुकडीसाठी फार आवडतो. कंटाळा यायच्या आत संपतो आणि टेबलावर तुकडी म्हणून दिसतो.

संदर्भ गोळा करताना एक सावधगिरी. गणवेशांची जुनी चित्रं बहुधा संचलनाच्या कपड्यांची असतात. मोहिमेवरचा सैनिक तसा दिसत नसे. वॉटर्लूच्या आदल्या रात्री धो धो पाऊस पडला होता, माणसं चिखलात झोपली होती. फ्रेंच पायदळातले कितीतरी जण निळ्या कोटावर राखाडी किंवा मातकट ओव्हरकोट घालून होते, विजारी पांढऱ्या, करड्या, तपकिरी अशा मिळेल तशा. वीसही सैनिक एकाच बाटलीतून ओतल्यासारखे दिसले तर काहीतरी चुकलंय समजा.

साफसफाई आणि प्रायमर

हा भाग कुणालाच आवडत नाही, म्हणून थोडक्यात. पुतळे धातूचे, कडक प्लास्टिकचे किंवा रेझिनचे असतात. साच्यातून सुटावेत म्हणून लावलेल्या तेलकट थरावर रंग धरत नाही. कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश घेऊन धुवा, वाळू द्या. साच्याच्या दोन भागांच्या सांध्यावर एक बारीक उंचवट्याची रेघ असते. कटरच्या पात्याची बोथट बाजू तिच्यावरून ओढली की ती निघते. शाको नावाच्या उंच टोपीवर आणि बाहीवर ती राहिली तर पुढे ड्रायब्रश (जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवरून फिरवणं) नेमका तिलाच उजळून दाखवतो. कडक प्लास्टिकला प्लास्टिक सिमेंट वापरा, ते पृष्ठभाग वितळवून सांधा एकजीव करतं. धातू आणि रेझिनला सुपरग्लू. रेझिन घासायचं तर पॉलिश पेपर ओला करून आणि मास्क लावून. ती धूळ छातीत जायला नको.

प्रायमरचा (रंग नीट धरावा म्हणून आधी द्यायच्या थराचा) स्प्रे २०-३० सेंमीवरून, थांबत थांबत, छोट्या फवाऱ्यांत मारा. एकाच ठिकाणी धरून ठेवलात तर बारकावे बुजतात. हवा दमट असेल त्या दिवशी स्प्रे उचलूच नका, पृष्ठभाग पिठासारखा खरखरीत होतो. फवारणी उघड्यावर करायची, हे वेगळं सांगायला नको.

काळा, राखाडी की पांढरा प्रायमर, यावर लोक तासन्‌तास भांडतात. आपल्या हिरव्या-काळ्या बटालियनला काळा सोयीचा, कारण जिथे ब्रश पोचला नाही तिथे आपोआप सावली राहते. त्यावर वरच्या बाजूने, डोक्यावर ऊन आल्यासारखा, राखाडीचा एक हलका फवारा मारला तर उजेड कुठे पडतो ते रंगवण्याआधीच दिसतं. मी हे नेहमी करतो. नंतर तो राखाडी झाकला जातो, पण तोवर नजरेला वाट कळलेली असते.

वीस जणांची बटालियन

वीस सैनिक एकदम रंगवू नका. दहा-दहाच्या दोन खेपा करा. जुन्या बाटल्यांच्या झाकणांवर चिकट पुट्टीने सैनिक बसवा, म्हणजे बोटं रंगाला लागणार नाहीत. एक रंग उचलायचा, दहाही जणांना लावायचा, मग पुढचा. दहाव्यापर्यंत पोचेतो पहिला वाळलेला असतो.

रंग ॲक्रिलिक, पाण्यात विरघळणारे. बाटलीतून थेट लावू नका, पातळ करा. दुधाइतका सैल असावा, दोन थरांत खालचा रंग झाकला जावा. दाट रंगाचा एक थर देण्यापेक्षा पातळ रंगाचे दोन थर कधीही चांगले. पॅलेटवर रंग पटकन वाळतो, त्यासाठी ओली पॅलेट करा: चपट्या डब्यात ओला स्पंज, त्यावर बेकिंग पेपर. झाकण लावलं की मिसळलेली छटा दुसऱ्या दिवशीही वापरता येते.

ब्रशच्या आकड्याला नवशिके फार महत्त्व देतात आणि शून्य-शून्यचा केसाएवढा ब्रश घेऊन बसतात. त्याच्या टोकावर रंग इतका थोडा मावतो की सैनिकापर्यंत पोचायच्या आत वाळतो. एक किंवा दोन नंबरचा गोल ब्रश घ्या, पण टोक अणकुचीदार हवं. रंग केसांच्या अर्ध्याच्या वर, पत्र्याच्या नळीपर्यंत चढू देऊ नका. तिथे वाळला की टोक फाकतं आणि ब्रश ड्रायब्रशच्या कामाला लागतो. ब्रश गरम पाण्यात धुवायचा नाही. आणि टोक जुळवायला तोंडात घालायची सवय असेल तर सोडा.

क्रम आतून बाहेर: कपडे घालतो तसा. आधी चेहरा आणि हात, मग जाकीट, विजार, मग पट्टे, पाठीवरची पिशवी, शेवटी हत्यार आणि धातू. आतला भाग रंगवताना बाहेरच्यावर ओघळ गेला तरी तो नंतर झाकला जातो.

चेहऱ्याला तीन छटा. सुरुवात लालसर तपकिरीने. मग त्वचेचा मूळ रंग, पण डोळ्यांच्या खोबणी, ओठाखालची रेघ आणि जबड्याखालचा भाग सोडून. मग त्यातच थोडा फिका रंग मिसळून नाकाचा शेंडा, गालाची हाडं, हनुवटी आणि हाताची पेरं. डोळे रंगवू नका. खोबणीतली सावली टेबल-अंतरावरून डोळ्यासारखीच दिसते. पांढरा ठिपका घातलात तर सैनिक भूत बघितल्यासारखा टक लावून बसतो.

आता या बटालियनची खरी अडचण. जाकीट गडद हिरवं, कॉलर आणि मनगटपट्ट्या काळ्या, चामडं काळं, पिशवी काळी. सगळे रंग नियमाप्रमाणे लावले आणि टेबलावर ठेवले तर काय दिसतं? करड्या विजारीवर एक काळा ठोकळा. कागदावर बरोबर असलेला रंग छोट्या वस्तूवर मूळच्यापेक्षा गडद दिसतो. त्यामुळे हिरवा मुद्दाम एक पायरी वर न्यावा लागतो.

मी असं करतो. काळ्यात मिसळलेला हिरवा हा पहिला हात, सगळ्या जाकिटाला. दुसऱ्या हातात शुद्ध गडद हिरवा, घड्यांच्या खाचा सोडून. तिसऱ्यात त्याच हिरव्यात थोडा मातकट पिवळा मिसळून खांदे, कोपराची घडी, बाहीवरच्या सुरकुत्यांचे माथे. पांढरा मिसळायचा मोह टाळा, हिरवा खडूसारखा फिका पडतो. काळ्या पट्ट्यांवर फक्त कडेने निळसर राखाडीची एक बारीक रेघ. पट्टा काळाच राहिला पाहिजे. हिरवा आणि काळा शेजारी असले की एकाने उजळायचं आणि दुसऱ्याने जागेवर राहायचं, दोघेही उजळले तर पुन्हा गोंधळ.

एवढं करूनही सैनिक काळपटच राहतो. त्याला सोडवणाऱ्या दोन गोष्टी त्याच्या कमरेलाच लटकलेल्या असतात. मळकट पांढऱ्या कापडाची शिधापिशवी आणि निळसर रंगवलेली लाकडी पाण्याची गोल बाटली. लीजनला ब्रिटिश सामान मिळत असे, त्यातल्या या दोन वस्तू. त्यांच्यावर जीव ओता. पिशवीला तपकिरी वॉश (खाचांत बसणारा पातळ रंग), मग घड्यांवर हस्तिदंती रंग. बाटलीच्या कडेला फिकट निळी रेघ. टेबल-अंतरावरून नजर आधी चेहऱ्यावर जाते आणि मग या दोन ठिपक्यांवर. वीस सैनिकांच्या रांगेत ते ठिपके लयीत येतात आणि तुकडी जिवंत होते.

हत्यार बेकर रायफल. इथे जवळजवळ प्रत्येक जण चुकतो, मीही चुकलो होतो: नळीला चकचकीत रुपेरी रंग लावतो. बेकरची नळी चकाकू नये म्हणून तपकिरी केलेली असे. तेव्हा नळीला गडद तपकिरी आणि वरून धातूच्या रंगाचा अगदी पुसट हात. लाकूड तांबूस तपकिरी. घोड्याजवळचे आणि दस्त्यावरचे भाग पितळी. फ्रेंच मस्केटची नळी मात्र झळझळीत पोलादी. समोरासमोर ठेवल्यावर हा फरक दोन्ही सैन्यांचा स्वभाव सांगून जातो.

मूळ रंग झाले की वॉश. खाचांमध्ये जाऊन बसणारा पातळ गडद रंग. करड्या विजारीवर, कातड्यावर, पिशवीवर तपकिरी वॉश द्या. तो सपाट भागावर साचून डाग पडत असेल तर ओल्या ब्रशने लगेच उचलून घ्या. वाळल्यावर पुन्हा एकदा वरचे उंचवटे मूळ रंगाने उजळवा. नाही तर सगळी पलटण चहात बुचकळल्यासारखी दिसते.

लाल, पांढरा, निळा

लढाई चालू असताना वाडीत कुमक म्हणून लीजनच्या पाचव्या लाइन बटालियनची लाइट कंपनी आली, तिचे कोट लाल. दोन-तीन लाल कोटवाले हिरव्यांमध्ये मिसळले तर टेबल लगेच बोलकं होतं. लाल रंग काळ्या प्रायमरवर धरत नाही. खाली आधी तांबूस तपकिरी द्या. उजळवताना पांढरा घातला तर गुलाबी होतो, त्याऐवजी किंचित नारिंगी घाला. साध्या शिपायाचा कोट मंजिष्ठेने रंगवलेला, विटकरीकडे झुकणारा असे. अधिकाऱ्याचा किरमिज्याच्या किड्यापासून केलेल्या महाग रंगाचा, भडक लाल. अधिकाऱ्यासाठी वेगळा लाल वापरलात तर तो टोपी न बघताही ओळखू येतो.

पांढरे पट्टे पांढऱ्याने सुरू करायचे नाहीत. आधी मध्यम राखाडी, मग मोडका पांढरा, आणि शुद्ध पांढरा फक्त खांद्यावरच्या वळणावर. पट्टा आणि कोट यांच्यामध्ये खालच्या गडद रंगाची केसाएवढी रेघ उरू द्या. लांबून सैनिक स्वच्छ दिसतो तो या रेघेमुळे.

फ्रेंचांचा गडद निळा हिरव्यासारखाच फसवा, काळा दिसतो. एक छटा वर चढवा. पाठीवरच्या पिशव्या केसाळ गाईच्या कातड्याच्या: काही बदामी, काही तपकिरी, काहींवर पांढरे ठिपके. ओव्हरकोटांना करड्या-मातकट रंगाच्या तीन वेगळ्या बाटल्या घ्या आणि आळीपाळीने वापरा. ग्रेनेडियरच्या खांद्यावरचे झुबके लाल. तेवढ्या लालाने पूर्ण रांग उठून दिसते.

सगळं झाल्यावर वार्निश. धातूचे सैनिक हाताळताना संगिनीच्या टोकाचा आणि टोपीच्या कडेचा रंग आधी उडतो. चकचकीत वार्निशचा एक थर मजबुतीसाठी, तो पूर्ण वाळल्यावर मॅटचा एक थर चकाकी घालवायला. एकदा पावसाळी संध्याकाळी मी मॅट वार्निश फवारलं आणि अख्खी तुकडी धुक्यात गेल्यासारखी पांढुरकी झाली. चकचकीत वार्निशचा हात ब्रशने पुन्हा दिल्यावर बरीचशी परत आली, सगळी नाही.

पायाखालची माती

बेस करताना मी टेबलाचा रंग आधी ठरवतो. ही गोष्ट कुणी फारशी सांगत नाही. बेसवरची माती आणि मैदानावरची माती वेगळी असेल तर सैनिक नाण्यावर उभे असल्यासारखे दिसतात. एकाच तपकिरी रंगाचा मोठा डबा घ्या, बेसला, टेकडीला, रस्त्याच्या कडेला तोच वापरा. वरचा ड्रायब्रशही एकच. गवताचा पुडाही एकाच प्रकारचा.

कृती सोपी. बेसवर पांढरा गोंद पसरा, बारीक वाळू आणि चार-दोन जाडे खडे टाका, रात्रभर वाळू द्या. गडद तपकिरी रंग, मग मातकट रंगाचा ड्रायब्रश: ब्रशवरचा जवळजवळ सगळा रंग कागदावर पुसून उरलेला उंचवट्यांवरून हलकेच फिरवायचा. शेवटी अर्ध्याहून कमी जागेवर गवत. वॉटर्लूसाठी गवत आणखी कमी करा आणि बुटांना, विजारींच्या पायांना तोच तपकिरी रंग ठिपक्यांनी लावा.

वाडी आणि तिची भूमी

इथे आधी एक हिशेब समजून घ्यावा लागतो, नाहीतर पुढचं सगळं फसतं. १८० सेंमी लांबीचं टेबल २८ मिमीच्या स्केलने मोजलं तर खरी शंभरेक मीटर जमीन होते. वॉटर्लूला वेलिंग्टनची फळी चार-पाच किलोमीटर पसरली होती. म्हणजे सैनिकांचं स्केल आणि जमिनीचं स्केल कधीच एक नसतं. एक घर म्हणजे पूर्ण वस्ती, तीन झाडं म्हणजे राई. ६० मीटर लांबीची वास्तू १/५६ ने बांधली तर मीटरभराहून लांब होईल आणि टेबलावर दुसरं काही मावणार नाही. उपाय असा: उंची सैनिकांच्या मापाची ठेवा, लांबी-रुंदी बिनधास्त अर्धी किंवा तिसरा हिस्सा करा. डोळा दारं आणि भिंतीची उंची सैनिकाशी ताडून बघतो, भिंतीची लांबी मोजत नाही.

दाराचं माप काढून दाखवतो. दोन मीटर उंचीचं दार भागिले ५६, म्हणजे ३६ मिमी. पण सैनिक दोन-तीन मिमीच्या बेसवर उभा आहे. ३६ मिमीचं दार त्याच्याशेजारी खुजं दिसतं. ४० मिमी करा. अंगणाची भिंत सैनिकाच्या खांद्याला आली पाहिजे, म्हणजे तो तिच्यावरून गोळी झाडतोय असं वाटेल.

ला हे सेंतची मांडणी: अंगणाभोवती घर, तबेला आणि मोठं धान्यकोठार, रस्त्याच्या बाजूला भिंत आणि फाटक, दक्षिणेला फळबाग, उत्तरेला भाजीपाल्याची बाग. हे सात-आठ वेगळे तुकडे करा: घर, कोठार, तबेला, भिंतीचे लांब-आखूड भाग. एकत्र मांडले की ला हे सेंत, सुटे केले की दुसऱ्या कुठल्याही लढाईतलं खेडं. हा शहाणपणा जुना आहे. प्रशियन युद्धखेळाचा जनक राइस्वित्स याने १८१२ मध्ये राजासाठी बनवलेल्या टेबलावरसुद्धा भूभागाचे चौकोनी तुकडे हवे तसे मांडता येत होते.

भिंतींना ५ मिमीचा फोमबोर्ड किंवा दाट, गुळगुळीत एक्सपीएस फोम घ्या. पांढरा दाणेदार थर्माकोल कापताना कण उडतात, कडा तुटतात. तो टेकडीच्या पोटात भरायला ठीक. कटरचं पातं नवं हवं, एका दमात आरपार न कापता तीन वेळा हलक्या हाताने ओढायचं. कोपरे गोंद आणि टाचण्यांनी जोडा. दगडाचा पोत हवा तर ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा फोमवर दाबत फिरवा. ही वाडी पांढरी गिलावा केलेली, म्हणून बहुतेक भागावर गोंदात मिसळलेली बारीक वाळू ब्रशने फासा आणि एखाद-दुसऱ्या कोपऱ्यात गिलावा पडल्यासारखी विटांची रेघोटी कोरा. छपराला पुठ्ठ्याच्या पट्ट्या, खालच्या कडेला दातांसारखे काप देऊन, एकावर एक चढत्या, कौलं तयार. छप्पर चिकटवू नका. ते उचलता आलं तरच आत सैनिक ठेवता येतील.

स्प्रेचा रंग उघड्या फोमवर कधीही मारू नका. त्यातलं द्रावण फोम खाऊन टाकतं. माझी पहिली टेकडी पाच मिनिटांत चाळणी झाली. आधी काळा ॲक्रिलिक रंग आणि पांढरा गोंद समभाग मिसळून ब्रशने सगळीकडे हात द्या. कवच तयार होतं, प्रायमरही होतो. गरम तारेने फोम कापत असाल तर खिडकी उघडी ठेवा, धूर वाईट असतो. पांढऱ्या भिंतीला राखाडी, मग फिकट मातकट, शेवटी मोडक्या पांढऱ्याचा ड्रायब्रश. जमिनीपासून दोन सेंमीपर्यंत तपकिरी पाण्याचे ओघळ द्या, नाहीतर घर जमिनीवर ठेवल्यासारखं दिसतं, रुजल्यासारखं नाही.

आता एक बारकावा, ज्यासाठी मी ही वाडी निवडली. आदल्या रात्री गारठलेल्या सैनिकांनी कोठाराचा शेताकडचा मोठा दरवाजा सरपणासाठी जाळून टाकला. दुसऱ्या दिवशी तेच खिंडार फ्रेंचांच्या वाटेवर उघडं होतं आणि तिथे दिवसभर झुंज चालली. तेव्हा कोठाराला पश्चिमेकडे दार लावू नका. मोकळी चौकट, बिजागऱ्यांचे दोन काळे तुकडे, उंबऱ्याशी अर्धवट जळकी फळी. पुढे फ्रेंचांनी कोठाराला आग लावली, तेव्हा मदतीला आलेल्या नासाऊ या जर्मन संस्थानाच्या सैनिकांकडच्या स्वयंपाकाच्या मोठ्या पातेल्यांतून पाणी आणून ती विझवली. मण्यापासून किंवा पुट्टीपासून तसलं एक काळं पातेलं करून अंगणात ठेवा. खेळात त्याचा उपयोग काहीच नाही. पण येणारा प्रत्येक जण त्याबद्दल विचारतो.

टेकडी बेताची उतरती हवी. वॉटर्लूचा उंचवटा लांबलचक आणि मंद उताराचा होता. उभा कडा कराल तर सैनिक घसरतील. दोन सेंमीचा फोम, कडा लांब तिरक्या कापलेल्या, माथा सपाट. रस्त्यासाठी जाड कापडावर ॲक्रिलिक सीलंट पसरा, वाळू दाबा, ओलं असतानाच जुन्या चाकाने दोन चाकोऱ्या ओढा. असा रस्ता टेकडीवरून वळतो, तडकत नाही. चिखलासाठी चाकोऱ्यांत गडद तपकिरी रंग आणि त्यावर चकचकीत वार्निश; टेबलावर एवढीच चकाकी ठेवा.

पीक मात्र मन लावून करा. त्या जूनमध्ये शेतात राय नावाचं गव्हाच्या कुळातलं धान्य (मोहरी नव्हे) माणसाच्या उंचीचं उभं होतं. यासाठी काथ्याच्या पायपुसण्याइतकी चांगली वस्तू मला अजून सापडलेली नाही. उलट्या बाजूने कटरने तुकडे कापा, कात्रीने वरचे शेंडे वेडेवाकडे करा, मातकट हिरवा आणि पिवळा कोरड्या ब्रशने फिरवा. माणसाएवढ्या पिकाला ३० मिमी उंची लागते, पायपुसणं बहुधा त्याहून बुटकं असतं, तरी चालतं. शेताचे बेसच्या रुंदीचे पट्टे करा. पलटण शेतात शिरली की मधले पट्टे उचलायचे आणि तुडवलेल्या पिकाचे सपाट पट्टे ठेवायचे.

वॉटर्लूचं मोठं मॉडेल करण्यासाठी कॅप्टन विल्यम सायबोर्न हा ब्रिटिश अधिकारी १८३० मध्ये आठ महिने याच वाडीत मुक्काम करून राहिला आणि त्याने सगळ्या रणभूमीची मोजणी केली. लढलेल्या अधिकाऱ्यांना पत्रं पाठवून तुम्ही कुठे होता हे विचारलंच, शिवाय तुमच्या भोवती कोणतं पीक होतं हेही विचारलं. त्याचं मॉडेल १८३८ मध्ये लंडनमध्ये लोकांना दाखवलं गेलं. सत्तर हजारांहून अधिक छोटे सैनिक असलेलं ते आज लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे. पुतळे एवढे बारीक की एकेकाचा चेहरा शोधण्यात अर्थ नाही. शेतांचे तुकडे आणि उतार आधी दिसतात.

झाडांना तारेचा पिळलेला बुंधा, गोंद-वाळूचा लेप आणि वर पानांच्या रंगाचा स्पंजचा चुरा. झाडं वेगवेगळ्या बेसवर आणि राईची हद्द दाखवायला खाली एक कापड. सैनिक आत शिरले की झाडं बाजूला सरकवता येतात. कुंपणाला भांडी घासायच्या हिरव्या घासणीच्या पट्ट्या पुरतात, कडा बोटांनी कुरतडून घ्या.

ठेवण्याचं बघा, कारण खेळापेक्षा जास्त रंग डब्यात उडतो. बेसच्या खाली पातळ चुंबक, डब्याच्या तळाला लोखंडी पत्रा, म्हणजे डबा तिरका झाला तरी रांग हलत नाही. पायपुसण्याचे पट्टे उभे ठेवा, आडवे एकमेकांवर रचले की पीक झोपतं. कोठाराच्या छपराच्या आत पेन्सिलीने ‘पश्चिम’ लिहून बाण काढा. दर खेळाला कुणीतरी ते उलटं मांडतं आणि खिंडार भलत्याच बाजूला जातं.